समुद्रपूर येईस्तोवर

कमलताईंच्या वॉर्डात हात धुवायचे म्हणजे एसटीच्या वाटेवरचं एकेक गाव घेत थेट समुद्रपूरला जाऊन यायचं.

"वर्ध्याले तळवे, वायगावले पंजाची पाठ, हिंगणघाटले बोटाइच्या फटी, जामले अंगठे, अन् समुद्रपूरले नखं. समुद्रपूर येईस्तोवर नळ बंद कराचा नाई!"

कमलताई वर्ध्यातल्या एका दवाखान्यात आया आहेत. उंची जेमतेम, आवाज मात्र एसटी स्टँडवरचा. एकदा मोठे डॉक्टरच घाईत दोन बोटं भिजवून निघाले, तर यांनी दारात अडवलं. "साहेब, वायगावलेच उतरले काऊन?" साहेब निमूट बेसिनकडे परतले.

बाबांच्या ऑपरेशनच्या जखमेत जंतू झाले, तेव्हा माझी त्यांच्याशी गाठ पडली. सिंदी मेघेहून आम्ही सातजण भेटायला गेलो होतो. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवायचा, मग शेजारच्या खाटेवरच्याच्या पाठीवरून, "कोनतं गाव तुमचं?" आमच्या आत्यानं तर तीन खाटा उरकल्याही.

"थांबा!" कमलताई गरजल्या. "या खाटेवरचे जंतू त्या खाटेवर नेऊन राह्यल्या का? औषधाले नाई भेत ते. साबणाले भेतेत."

खरंच होतं ते. एकेक औषध हरत गेलं. बाबांना वेगळ्या खोलीत हलवलं, शेवटचं म्हणावं असं इंजेक्शन सुरू झालं आणि आम्हाला काचेबाहेर उभं केलं. मी घाबरलो होतो. तो सगळा राग मी कमलताईंवर काढला. "तुम्हाला आपलं माणूस नाही का कोणी?" असंही बोलून गेलो.

त्या बेसिनकडे वळल्या. समुद्रपूरपर्यंत हात धुतले, गाऊन घातला, रबरी मोजे चढवले आणि आत गेल्या. काचेतून ऐकू येत होतं. बाबांच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणत होत्या, "हा पोराचा. हा सुनेचा. हा तुमच्या बहिनीचा. तिनं तीनदा फिरवाले सांगतलं." मला माझीच लाज वाटली. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी आमचे हात असेच पोचवले.

इंजेक्शन लागू पडलं. घरी निघताना बाबांनी आशीर्वादासाठी हात उचलला, तर कमलताई सवयीनं मागे सरकल्या. बाबा हसले. काठी टेकत बेसिनपाशी गेले, गावं पुटपुटत हात धुतले आणि ओला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"समुद्रपूरले जाऊन आलो, बाई."

कमलताई हलल्याच नाहीत. "माह्यं माहेर हाय ते," त्या म्हणाल्या. "आता तिथं असा हात ठेवाले कोनीच नाई, बाबा."

त्यांनी डोळे पुसले. मग डोळ्यांना हात लागला म्हणून स्वतःच बेसिनकडे गेल्या. त्या दिवशी त्यांना समुद्रपूर यायला बराच वेळ लागला.