तळमजल्यावरचं ओव्हेर्न

दिनांक: जानेवारीतला दुसरा रविवार. वेळ: सकाळी साडेदहा. स्थळ: सोसायटीची गच्ची. हजर: बारापैकी बारा सभासद, बिल्डरचा एक माणूस, त्याचा लॅपटॉप. विषय: पुनर्विकास. बाजूने: अकरा. विरोधात: फ्रान्समधला एक प्रांत.

शेवटची नोंद मी सभेच्या इतिवृत्तात अशी लिहिलेली नाही. तिथे ‘श्री. पानसे यांनी हरकत घेतली’ एवढंच आहे. पण घडलं ते असं घडलं.

बिल्डरच्या माणसाने पडद्यावर चौदा मजले, कारंजं आणि ‘स्काय व्हिस्टा’ हे नवीन नाव दाखवलं. अकरा जणांनी माना डोलावल्या. मग मागच्या खुर्चीवरून पानसेकाका उठले. कानटोपी काढून हातात घेतली.

“सेक्रेटरीबाई, नोंद असू द्या. ओव्हेर्नचाही पुनर्विकास झालेला आहे.”

“कुठली सोसायटी ही?” बिल्डरच्या माणसाने उत्साहाने विचारलं. “बिबवेवाडीत?”

“फ्रान्समध्ये. मधोमध, किंचित दक्षिणेला. शेकडो वर्षांचा प्रांत. क्रांती झाली आणि नव्या सरकारने सगळे जुने प्रांत एका झटक्यात पाडून त्यांचे जिल्हे केले. लोकांना सांगितलं, सोय होईल. तिथला माणूस अजून जुनंच नाव सांगतो.”

“पानसे, पण त्यांना पार्किंग मिळालं का?” तिसऱ्या मजल्यावरच्या शेंड्यांनी विचारलं.

“घोडे बांधायला जागा आधीपासूनच होती. आणि त्यांनी जिल्ह्यांना नावं दिली ती तिथल्या डोंगरांची आणि नद्यांची. इथे स्काय कुठून दिसणार आहे? शेजारीही चौदा मजलेच होतायत.”

सभा संपली. अकरा सह्या झाल्या. बिल्डरला बारा हव्या होत्या.

स्वारगेटहून कात्रजकडे जाताना डाव्या हाताला, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमची बारा घरांची सोसायटी आहे. मी तिची सेक्रेटरी. एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची यादी करायची आणि काम झालं की त्यावर काट मारायची, ही माझी सवय. ज्या यादीवर एखादी ओळ काट न मारता राहते, ती मला जेवताना आठवते. त्या जानेवारीपासून माझ्या यादीत एक ओळ होती: ‘पानसे, सही.’

दत्तात्रय पानसे भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायचे. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतांच्या आणि घरांच्या हद्दी शाईने आखल्या. निवृत्त झाले, पण दिशा सुटल्या नाहीत. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराशी त्यांचं फोनवरचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे.

“गेटातून आत या आणि नैर्ऋत्येला वळा.”

“काका, नैर्ऋत्य म्हंजे कुठल्या साईडला?”

“तुम्ही आत्ता तोंड कुठे करून उभे आहात?”

“मोबाईलकडं.”

लग्नपत्रिकेवरचा कार्यालयाचा नकाशा ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून यजमानांना परत पाठवतात. नवरदेवाच्या वडिलांनी एकदा विचारलं, “पण येणार ना तुम्ही?” काका म्हणाले, “येईन. पण तुमच्या नकाशावरून नाही.” चौकातल्या पाटीवरचा बाण उलट्या बाजूला होता, तर त्यांनी महापालिकेला सात पत्रं लिहिली. आठव्याला बाण बदलला. त्या दिवशी त्यांनी बाराही घरी पेढे वाटले. चुकीला ‘असू दे’ म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, असं आम्ही सगळेच धरून चालत होतो.

आणि ओव्हेर्न. काकांशी कुठल्याही विषयावर बोला, चौथ्या वाक्याला तुम्ही ओव्हेर्नमध्ये पोचता. टँकर उशिरा आला आणि बायका बादल्या घेऊन खाली जमल्या, तर काका खिडकीतून सांगतात, “ओव्हेर्नची माणसं पॅरिसला जाऊन घरोघरी पाणी वाहायची. पाच-पाच मजले चढून. पुढे कोळसा विकला, मग कॅफे काढले.” सहलीला सिंहगडावर गेलो, तर सगळे पिठल्यावर तुटून पडलेले असताना हे कड्याशी उभे. “याच्यापेक्षा फार उंच नाही बरं का त्यांचा तो ज्वालामुखी. दीडशे मीटर असेल जास्त. माथ्यावर रोमन लोकांचं देऊळ आहे. आणि जवळच एक डोंगरी किल्ला, तिथे गावच्या लोकांनी रोमन फौज हटवली होती.” कात्रजच्या घाटात गाडी बंद पडली, तेव्हा मेकॅनिक येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेचा काळा दगड या विषयावर ऐकलं. त्यांचाही दगड काळा, आपलाही काळा, दोन्ही लाव्हाचे. फक्त आपला म्हातारा आणि त्यांचा कालचा पोर. तिथल्या मोठ्या चर्चचं बांधकामसुद्धा काळ्या दगडाचं आहे. “पुण्याच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही,” असं म्हणून ते गाडीत बसले.

स्वतः ते कधी गेले नाहीत. ओव्हेर्नलाच काय, विमानातही बसलेले नाहीत.

जानेवारी ते मार्च या काळात काकांनी मला हरकतींची पाच पत्रं दिली. मुद्दे क्रमांक घालून. वाऱ्याची दिशा, जिन्याची रुंदी, ईशान्येचं आंब्याचं झाड. मी प्रत्येक मुद्द्याला बिल्डरकडून लेखी उत्तर आणलं. पाचव्या पत्रात मुद्दे संपले होते, नुसतंच लिहिलं होतं: ‘वरचं ओव्हेर्न नकाशावर खाली असतं आणि खालचं वर. ते उंचीवरून ठरतं, कागदावरून नव्हे. कळावे.’

हे उत्तर बिल्डरकडून येण्यासारखं नव्हतं. शेंडे जिन्यात भेटले की म्हणायचे, “काय सेक्रेटरी, फ्रान्स काय म्हणतंय?” त्यांच्या आईला जिना चढवत नव्हता, नव्या इमारतीला लिफ्ट असणार होती. त्यांचं हसणं मला नीट कळत होतं. एका रविवारी सकाळी मी संमतीचा फॉर्म घेतला, पेन घेतलं आणि तळमजल्यावर काकांचं दार वाजवलं.

त्या घरात मी फार वर्षांनी गेले. एके काळी माझी लेक तिथे आठवड्यातून तीनदा जायची. काकांच्या पत्नी, कुंदाकाकू, दहावीच्या मुलांना घरी फ्रेंच शिकवायच्या. चार ते सहा पहिली बॅच, सहा ते आठ दुसरी. दारात तीसेक चपला, आतून सगळ्यांचा एका सुरात पाठांतराचा आवाज, आणि मध्येच काकूंचं शुद्ध मराठी, “अगं, नाकातून म्हण, सर्दी झाल्यासारखं!” काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. चपलांचा लाकडी रॅक अजून दाराशी होता. त्यात एकच जोड होता.

हॉलची पूर्ण भिंत म्हणजे नकाशा होता. तो तिथे आहे हे मी विसरूनच गेले होते. छतापासून बसायच्या दिवाणापर्यंत ओव्हेर्न. काळ्या बारीक रेघेची हद्द, निळ्या नद्या, तपकिरी डोंगर. रेघा काकांच्या, छापल्यासारख्या. गावांची नावं काकूंच्या गोल अक्षरात, मराठीत आणि खाली फ्रेंचमध्ये.

“बसा,” काका म्हणाले. “सही मागायला आलात.”

“हो. आणि ही भिंत बघितल्यावर वाटतं, पहिल्याच पत्रात लिहायचं होतं तुम्ही.”

“भिंत हा हरकतीचा मुद्दा होत नाही. पाडायचं म्हणजे भिंती आल्याच.”

मग त्यांनी सांगितलं. काकूंना रद्दीच्या दुकानात एक फ्रेंच पुस्तक मिळालं होतं, या एकाच प्रांताचा इतिहास-भूगोल. शाळेच्या पुस्तकातल्या पॅरिसचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून घेतलं. पुस्तकातलं नकाशाचं पान फाटलेलं होतं.

“नकाशाशिवाय भूगोल म्हणजे काय? मला ते बघवेना. मग ती रोज दुसरी बॅच गेली की वाचून सांगायची. इथून तिथे इतके कोस, नदी अमुक डोंगरातून निघते. मी आखायचो. पाच वर्षं लागली.”

“आणि जायचं नाही ठरवलं कधी?”

“पासपोर्ट काढले होते. ती म्हणायची, ही दहावीची बॅच जाऊ दे, मग जाऊ.” काकांनी नकाशाकडे बघितलं. “दहावीची बॅच दर वर्षी असते.”

 मला अशा वेळी काम सुचतं. मी फोनवर ओव्हेर्नचा नकाशा काढला आणि भिंतीशी ताडून बघायला लागले. कौतुक करायचा तो माझा प्रकार. नद्या बरोबर. ज्वालामुखींची रांग बरोबर. मग मोठ्या शहराच्या डावीकडे एका गावाशी मी थांबले. तिएर. नावाशेजारी काकूंनी एक छोटा कुत्रा काढला होता.

“काका, हे गाव फोनवर उजवीकडे दाखवतंय. पूर्वेला.”

“बरोबर आहे फोनचं.”

“म्हणजे हे चुकलंय?”

“चुकलंय.”

बाणासाठी महापालिकेला आठ पत्रं लिहिणारा माणूस हे बोलत होता. 

“सुऱ्या-चाकूंचं गाव आहे ते,” काका म्हणाले. “तिथले कारागीर फळीवर पालथे पडून सुऱ्यांना धार लावायचे. खाली थंडगार पाणी. ऊब मिळावी म्हणून आपला कुत्रा पायांवर झोपवायचे. हे वाचलं आणि कुंदा वेडीच झाली. मी कचेरीतून येईपर्यंत तिला धीर निघाला नाही. तिला पूर्व-पश्चिम कधी कळलीच नाही हो. सूर्य स्वयंपाकघरातून उगवतो, एवढंच. मी आलो तर गाव लिहून झालेलं, कुत्रा काढून झालेला, हिच्या नाकाला रंग लागलेला. म्हणाली, कसं झालंय?”

“मग?”

“मी म्हटलं, एकदम बरोबर.”

मग स्वतःच म्हणाले, “बत्तीस वर्षांत चुकीच्या नकाशाला मी बरोबर म्हटलेलं नाही. नोंद असू द्या.”

मी डोक्यात भराभर पर्याय मांडले आणि एकेक सांगितला. “फोटो काढून मोठा फ्लेक्स करून घेऊ.”

“फ्लेक्स वाढदिवसाला लावतात.”

“प्लास्टरसकट भिंत कापून—”

“वरची तीन घरं त्या भिंतीवर आहेत.”

“मग तुमच्या कचेरीत काय करायचे? जुना नकाशा खराब झाला की?”

काका एकदम सरळ बसले. “नक्कल करायची. पारदर्शक कागद वर ठेवून रेघ न् रेघ उतरवायची.”

“मग करा ना. तुमच्याइतका हात कोणाचा आहे?”

“नक्कल एकट्याने होते, सेक्रेटरीबाई. रुजवात एकट्याने होत नाही.”

रुजवात म्हणजे ताडून बघणं. एकाने मूळ नकाशावरचं एकेक नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर ते शोधून लाल पेन्सिलीने खूण करायची. दोघांच्या सह्या झाल्या की ती खरी नक्कल. एकट्याने केलेली कितीही सुबक असली तरी तो नुसता कागद.

“मी येईन,” मी म्हटलं. “रविवारी, दहा ते अकरा.”

दोन महिने काका स्टुलावर उभे राहून नक्कल करत होते. मध्ये एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. इकडे-तिकडे बघून हळू आवाजात विचारलं, “तिएर दुरुस्त करू का? आता तर संधी आहे.”

“नक्कल आहे ना? मग जसं आहे तसं.”

“नियम माहीत आहे तुम्हाला,” ते म्हणाले. चेहरा मात्र एखाद्याचा अर्ज मंजूर झाल्यासारखा होता.

मग आम्ही रुजवातीला बसलो. काका भिंतीशी उभे राहून काठीने दाखवत वाचायचे, मी दिवाणावर नक्कल पसरून खुणा करायचे. क्लेरमाँ. आहे. रिऑम. आहे. इस्वार. आहे. प्रत्येक नावाला काहीतरी चिकटलेलं होतं. हे लिहिलं तेव्हा काकूंचा हात मोडला होता. हे लिहिताना दिवे गेले, मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं. इथला उच्चार काकूंनाही येईना, शेवटी माझ्या लेकीने बरोबर म्हटला होता. हे मला लेकीनेही कधी सांगितलं नव्हतं. आमचा एक तास दीड-दोन तासांचा व्हायचा. मी घरी येऊन रविवारची बाकी कामं संध्याकाळवर ढकलायचे, आणि मला त्याचं काही वाटत नसे.

चौथ्या रविवारी एकच नाव उरलं. काकांची काठी त्या कुत्र्यापाशी गेली आणि थांबली. मी पेन्सिल घेऊन तयार होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“अकरा वाजले. वेळ संपली आजची.”

अकराला दहा कमी होते. घड्याळ मलाही दिसत होतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांनी चहा आणला. कपाबरोबर बशीखाली दुमडलेला एक कागद आला. माझाच फॉर्म. सही केलेली, दिनांक घातलेला, अक्षर छापल्यासारखं.

“घेऊन जा. शेंड्यांच्या आईचा जिना किती दिवस थांबवायचा? तुमची यादी अडायला नको.”

‘पानसे, सही’ या ओळीवर मी त्याच दिवशी काट मारली. बिल्डरकडे बारा फॉर्म पोचले. सात घरं रिकामी झाली आहेत, महिनाअखेरीला राहिलेली पाच रिकामी करायची आहेत. काकांनी कात्रजजवळ भाड्याने घर घेतलं आहे. तिथल्या खिडकीतून डोंगर दिसतो, आग्नेयेला.

त्यानंतर तीन रविवार गेले. मी दहाला जाते. एकदा पेन्सिलीला टोक नव्हतं. एकदा मागची नावं पुन्हा तपासायची होती. मागच्या वेळी नुसताच चहा झाला. नक्कल दिवाणावर पसरलेली असते. तिच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं आहे: ‘नक्कल करणार: द. वि. पानसे.’ त्याखाली, ‘रुजवात घेणार:’ आणि पुढे माझ्या सहीपुरती कोरी जागा.

स्टोअर्समध्ये मी एवढ्या कामाला दोन मिनिटं देते. आजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे: तिएर, एक खूण, एक सही. मी पेन्सिलीला टोक काढलेलं नाही.