पडलेल्या उमेदवाराकडे चहाला

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, कोणाचं लग्न कधी झालं, कोणाचं मूल कधी जन्मलं, हे कवडूभाऊंना विचारलं तर ते साल सांगत नाहीत, निवडणूक सांगतात. "तुमची पोरगी? ते पोटनिवडणुकीतली." माझी मुलगी आता कॉलेजात जाते, पण भाऊ तिला अजूनही "कशी हायस, पोटनिवडणूक?" असं भर रस्त्यात विचारतात. ती आता दुसऱ्या गल्लीतून जाते.

कवडूभाऊ कोळसा खाणीतून रिटायर झालेले, माझे शेजारी. बायको गेली, मुलगा एटापल्लीला नोकरीवर. उरला तो मतदारसंघ. आमचा मतदारसंघही तसाच विचित्र. एक टोक चंद्रपूरच्या कडेच्या नव्या ले-आउटमध्ये, मधे खाणीच्या कॉलन्या, दुसरं टोक थेट जंगलालगतच्या धानाच्या बांध्यांत, भातशेतीत. इथे सलग दुसऱ्यांदा कोणी निवडून आलं नाही. भाऊंना याचा फार अभिमान. "लहरी हाय आपला मतदारसंघ," ते म्हणतात, जसं कोणी आपल्या हट्टी नातवाबद्दल म्हणावं.

प्रचार सुरू झाला की भाऊ प्रत्येक पक्षाच्या सभेला जातात. प्रत्येक ठिकाणी दुपट्टा मिळतो, तो गळ्यात घालून मनापासून टाळ्या वाजवतात आणि घरी येऊन धुऊन वाळत टाकतात. त्यांच्या दोरीकडे पाहिलं तर घरात सर्वपक्षीय बैठक चालली आहे असं वाटतं.

चहाच्या टपरीवर ते रोज अंदाज सांगतात. "हवा फिरून राह्यली," असं म्हणून सुरुवात, आणि मग गावागावाचा हिशेब. अंदाज हमखास चुकतो. एका उमेदवाराने तर म्हणे माणूस पाठवून विनंती केली होती की भाऊ, एवढे उपकार करा, मी पडणार असं सांगा.

मागच्या विधानसभेच्या मोजणीला मी दिवसभर त्यांच्या घरीच होतो. टीव्ही एक सांगत होता, फोनवर कोणी दुसरंच. रजनीताई, पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माजी शिक्षिका, पुढे होत्या. मग मागे पडल्या. पुन्हा पुढे. भाऊ प्रत्येक फेरीला उठून अंगणात एक चक्कर मारून येत. "कॉलनीची मोजणी संपली. आता धानवाले खुलतीन," ते म्हणाले. धानाची गावं खुलली आणि रजनीताई पडल्या. थोडक्यात पडल्या.

चौकात फटाके सुरू झाले. मी उठलो. म्हटलं, आता भाऊ नाचायला जाणार. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चला, रजनीताईकडं जाऊन येऊ."

रजनीताईंच्या दारात मांडव तसाच होता. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता. ताई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. भाऊंनी रचलेल्या खुर्च्यांमधून दोन ओढल्या, एक मला दिली.

"भाऊ, तुम्ही?"

"बसाले आलो."

ताईंनी विचारलं, "मत मला दिलं होतं का?"

मी मांडववाल्याकडे बघू लागलो.

"नाई," भाऊ म्हणाले. "मत निवडून आला त्यालेच देलं. खोटं काऊन बोलू?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. आत जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला. चहा होईपर्यंत आणि झाल्यावरही भाऊ त्यांना मतदारसंघाचा इतिहास सांगत होते. कोण कसा पडला, रुसून घरात बसला, पुढच्या खेपेला त्याच गावांनी त्याला कसं खांद्यावर घेतलं.

"मग पुढच्या वेळी मी येईन?" ताईंनी विचारलं.

"ते मी नाई सांगत," भाऊ घाईने म्हणाले. "मी सांगतलं का माणूस पडते."

परत येताना मी विचारलं, "भाऊ, हे दरवेळी करता?"

"मी बी उभा होतो एकदा. नगरपालिकेले," ते म्हणाले. "पडलो. बायकोनं सकाळीच मोठा गंज भरून चिवडा करून ठेवला होता, लोकं येतीन म्हणे. नवं लुगडं नेसून दारात उभी. कोणीच आलं नाई. वैरी नोहते कोणी. काय बोलाचं ते सुचलं नसन त्यायले. मले पडल्याचं काई नाई वाटलं. पण ते सांजवरी दारातून हटली नाई."

चौकात मिरवणूक समोरून आली. भाऊंनी मला ओढून एका दुकानाच्या छपराखाली घेतलं. "गुलाल नका लागू देऊ अंगाले."

"का हो? तुम्ही मत दिलेला माणूसच आला ना?"

"आला ना. नाचाव वाटून राह्यलं. पण तिसऱ्या नंबरवाल्याकडं जाचं हाय अजून. त्याच्या घरी गुलालाच्या कपड्यानं कसं जाऊ?"

ढोल अगदी जवळ आला. भाऊ दोन्ही हातांनी शर्ट झाकून भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचे पाय चपलेतल्या चपलेत ठेका धरत होते.