सबनीसभाऊंचे बर्फातले जोडे

सबनीसभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर पावसात, पायांना टेनिसच्या रॅकेटी बांधून, गवतावर चालत होते. डोक्यावर सायकलचं हेल्मेट. सायकल कुठेच नव्हती. मी पडदा ओढून घेतला.

अमेरिकेत बेलव्ह्यूला लेकाकडे येऊन मला तेव्हा महिनाही झाला नव्हता. संध्याकाळी अविनाशला विचारलं, हे कोण? "आपलेच आहेत, आई. इंजिनियर. आणि त्या रॅकेटी नाहीत, स्नोशू आहेत. बर्फात पाय रुतू नये म्हणून. काका सायकलवाले ना, विंटरमध्ये असं ट्रेनिंग करतात."

म्हणजे उन्हाळ्यात सायकल नीट चालवता यावी म्हणून हिवाळ्यात सायकल सोडून बर्फात चालायचं. बर्फ तासाभरावर डोंगरात, तर तोवर घरी गवतात चालायचं. माझी शाळा चौथीत सुटली. हे पुढच्या इयत्तांत शिकवत असतील, असं मी मनाशी म्हटलं.

पुढे ते चहाला येऊ लागले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरी एकटेच. बोलणं मात्र एकच. "सगळा मांड्यांचा खेळ आहे, ताई." मी आपली खाली बघायची. चिवडा वाढला तरी मांड्या, सून ऑफिसातून दमून आली तरी मांड्या. आमचा जिना ते मोठ्यानं पावलं मोजत चढत. मध्ये कुणी बोललं की आकडा चुके, मग खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. अविनाश मुद्दाम मध्ये बोलायचा.

एकदा धीर करून विचारलं, भाऊ, एवढं कशासाठी? तेव्हा मीनाचं कळलं. ही त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली, नोकरीला पोर्टलंडला. दर उन्हाळ्यात बापलेक दोन दिवस सायकलवर लांब जातात. गेल्या वेळी प्रत्येक चढावर ते मागे पडले आणि ती वाट बघत थांबली. शेवटी म्हणाली, "बाबा, नेक्स्ट इयर यू फॉलो इन द कार."

हे सांगून ते हसले आणि चहा अर्धा टाकून गेले.

जानेवारीत एका सकाळी दारात उभे. हातात एक स्नोशू, मधोमध भोक. चपलांसारखे बाहेर काढून ठेवले होते, शेजारच्या कुत्र्यानं कातड्याची वीण खाल्ली. "जोडे घरात कसे आणायचे, ताई?" मला ते पटलं. दुकानात तीन आठवडे लागतील म्हणाले, आणि तोंड असं केलं, जणू मीना आत्ताच गाडी घेऊन दारात उभी आहे.

मी तो उलटून बघितला. ही तर बाजेची वीण. माहेरी बाजा आम्हीच विणायचो. मी एवढंच म्हटलं, "कपडे वाळत घालायची दोरी आणा."

दुपारी काम झालं. शनिवारी डोंगरातून आले ते सांगतच, "तुमची बाज टिकली, ताई."

पुढच्या आठवड्यात आणखी एक जोड घेऊन आले. नवा, लहान, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"मीनासाठी घेतलाय," म्हणाले. "ती म्हणते, वेळ झाला तर येईन. माझ्याकडे दिसला तर तिला वाटेल, मी वाट बघत बसलो होतो. तुमच्याकडे राहू दे. ती आलीच, तर तुमचा म्हणून सांगा आणि वापरायला द्या."

त्या दिवशी मांड्यांचं काही बोलले नाहीत. जिनाही न मोजताच चढले होते.

मी गोंधळले. मी बर्फात पाऊल ठेवलेलं नाही, आणि हा जोड माझा? बाहेर कुत्रा, म्हणून जन्मात पहिल्यांदा जोडे घरात घेतले, देवाच्या फडताळापासून लांब, भिंतीला टेकून.

काल त्यांचा फोन आला. मीना शनिवारी येतेय. अविनाशनं मला 'माइन' म्हणायला शिकवलं. पण खोटं बोललं की माझ्या तोंडावर दिसतं. म्हणून दुपारी घरात कुणी नसताना चिठ्ठी काढून टाकली, पातळ जरा वर खोचलं, जोड पायात चढवला आणि हॉलच्या कार्पेटवर मोजून पन्नास फेऱ्या मारल्या.

आता तो माझाच. आज मांड्या दुखताहेत.