हरण्याच्या अंगावरचा पाऊस

भादव्यातल्या पोळ्याला बैल ओढ्यावर नेऊन धुवायचा, ही मळवलीची रीत. पण यंदा दत्तोबांना ओढा कमीपणाचा वाटला. ते ज्या बंगल्याची राखण करायचे, तिथून त्यांनी गाड्या धुवायचा पंप आणला. कारणही तसंच होतं. मिरवणुकीत पहिला बैल चालवायचा मान कितीतरी वर्षांनी त्यांच्या घरी आला होता. आणि त्यांचा बैल हरण्या थकला होता. तो पुढचा पोळा बघेल, असं गुरांचा डॉक्टरही म्हणत नव्हता.

आता बैल बांधायचा कुठं? अंगणात पाऊस मोजायच्या यंत्राला कुंपण होतं, त्याचा खांब मजबूत. बांधला त्यालाच. हे यंत्र पुण्याच्या हवामान खात्यातल्या ज्योत्स्ना मॅडमनी बसवलेलं. मावळातल्या अशा सगळ्या यंत्रांचे आकडे एआयकडं जायचे, आणि कुठं ढगफुटी होणार ते आधीच ओळखून तो गावाच्या मोबाईलवर इशारा पाठवायचा. दत्तोबांना त्या यंत्राचं कोण कौतुक! जावयाचंही कधी एवढं केलं नसेल. ग्रामसभेत त्यांनीच ठराव करून घेतला होता, की इशारा वाजला की सगळ्यांनी घरात बसायचं, आणि जो गुरं बाहेर काढील त्याचा पोळ्याचा मान कायमचा गेला.

दत्तोबांनी पंप सुरू केला. असली अंघोळ हरण्याला जन्मात मिळाली नव्हती, त्यानं डोळेच मिटले. धार शिंगांवरून वशिंडावर, वशिंडावरून पाठीवर, आणि पाठीवरून उडून थेट यंत्राच्या नरसाळ्यात. थोड्या वेळानं खिशातला मोबाईल बोंबलायला लागला. मळवली परिसरात अतिवृष्टी, घराबाहेर पडू नका.

दत्तोबांनी वर बघितलं. लख्ख ऊन. पण यंत्र कसं खोटं बोलेल? त्यांनी हरण्याला गोठ्यात ओढला आणि शेजारच्या श्रीपतीला बजावलं की भादव्याचं ऊन फसवं असतं. गावाची दारं पटापट लागली. ढोलवाले वेशीवरूनच परत फिरले.

तेवढ्यात ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला. आसपासच्या एकाही यंत्रावर थेंब नाही, फक्त तुमच्याकडं धो धो दिसतोय. तुमचं यंत्र कधी चुकलं नाही म्हणून एआयनं त्याच्यावर भरवसा टाकला. आबा, खरंच पडतोय ना? दत्तोबांची नजर हातातल्या पाइपवर गेली, तिथून ओल्या नरसाळ्यावर, आणि हा पाऊस कुठून पडला ते त्यांना कळलं. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती. पण सबंध गावाला शहाणपण शिकवलेल्या माणसाची जीभ काही वळेना.

"पडतोय की," ते म्हणाले. "लय पडतोय."

झालं, इशारा कायम राहिला. हरण्या गोठ्याच्या दारात उभा. शिंगांना लाल हिंगूळ, अंगावर झूल, आणि ढोल कधी वाजतोय म्हणून कान टवकारलेले. मिरवणुकीची वेळ त्याला पाठ होती. ऊन कलायला लागलं तसे दत्तोबा आत-बाहेर करू लागले. ठराव आपला, खोटंही आपलंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगता कुणाला! मुक्ताबाई बैलाला पुरणपोळी भरवत होत्या. नवऱ्याच्या हातातला पाइप त्यांनी दुपारीच बघितला होता.

"अवो, तुमची लाज ऱ्हाईल," त्या वळून न बघता म्हणाल्या. "ह्यो न्हाई ऱ्हायचा."

दत्तोबांनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पाऊस न्हाई. बैल धुतला."

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. मॅडमनी दत्तोबांचं यंत्र तूर्त हिशेबातून काढलं आणि इशारा मागं घेतला. धोका नाही, असा निरोप गावभर वाजला. खरं कारण दत्तोबांनी श्रीपतीला स्वतःच सांगितलं, आणि श्रीपतीला सांगणं म्हणजे गावालाच सांगणं. लोक हसत हसत बैल घेऊन बाहेर पडले.

पण एवढ्या वेळात लोहगडावर ढग उतरले होते. मिरवणूक वेशीपाशी जमतेय न जमतेय तोच पाऊस कोसळायला लागला. मळवलीचं यंत्र हिशेबाबाहेर, त्यामुळं मोबाईल गप्प. आता दत्तोबाच सगळ्यांना सांगत सुटले, की ह्यो खरा पाऊस हाय, बैलं आत घ्या. श्रीपती नखशिखांत निथळत होता.

"आबा," तो म्हणाला, "आधी तो पाइप बंद करा."

हशा पिकला आणि जो तो आपली जोडी घेऊन घराकडं पळाला. हरण्या मात्र वळेना. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक. तो सगळ्यांच्या पुढं चालत राहिला, मागं कुणी नसताना. हिंगूळ ओघळून त्याच्या पांढऱ्या मानेवर उतरत होता. दत्तोबा कासरा धरून शेजारून चालले होते. दुपारीच खरं सांगितलं असतं, तर लख्ख उन्हात सबंध गाव याच्या मागं असता.

"चुकलं रं माजं," ते म्हणाले.

हरण्यानं मान वळवून एकदा मागं बघितलं, ढोल कुठं राहिले म्हणून.