गाडी मापात बसवली त्याची गोष्ट

मापाच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही. शहाद्यातल्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानात मी वर्षानुवर्षं काउंटरवर उभा आहे. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच मला त्याची कंबर कळलेली असते. त्यामुळे मी जुनी मोटारसायकल घेतली आणि तिचे गिअर-ब्रेक माझ्या पायांना बसेनात, तेव्हा मेकॅनिककडे जायचा विचारसुद्धा मला शिवला नाही.

गाडी आधी एका ताडमाड माणसाची होती. मी बेताच्या उंचीचा. गिअर टाकायला दर वेळी सीटवरून अर्धा उठायचो. मागून बघणाऱ्याला वाटावं, भूपेंद्रभाऊ रस्त्यावरच्या खांबांनासुद्धा मान देतात.

रविवारी सकाळी पाना घेऊन बसलो. गिअरचा दांडा त्याच्या दातेरी खुंटीवरून काढून एक दात खाली बसवला. बरा वाटला, म्हणून आणखी एक दात खाली. मग ब्रेकचं पेडल खाली घेतलं. त्याबरोबर मागचं चाक जाम झालं. तेव्हा चाकाजवळचा ब्रेकचा नट सैल केला, आणि तो अगदी सढळ हाताने केला. गल्लीत एक चक्कर मारली. आमच्या गल्लीत खाटा, बादल्या आणि एक कायमची बसलेली गाय असल्यामुळे पहिल्या गिअरच्या वर कोणी जातच नाही. पायांना असं सुख की विचारू नका.

"एकदाव गॅरेजवाल्याले दखाडी द्या," बायको म्हणाली. दीपमालाला माझं कौतुक जरा कमीच.

"शर्टनं बटन लावाले कोनी शिंपीकडे जास का?" मी म्हणालो.

एवढ्यात सासरे आले. रतिलालतात्या शेजारच्याच गल्लीत राहतात. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, चेहरा दात उपटून घ्यायला निघाल्यासारखा.

"जवाईबापू, गाडी काढा. मोठा भाऊकडे जावानं शे. आतेच."

दीपमालाच्या हातातलं भांडं खाली पडलं. तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ भिलाबापू, दोघांचं बोलणं बापूंच्या मुलीच्या लग्नापासून, म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासून, बंद होतं. तिथे तात्यांना कोणीतरी दुसऱ्या पंगतीला बसा म्हणालं होतं. ते कोण म्हणालं हे आजवर कळलेलं नाही, पण बापूंनी ऐकून घेतलं, एवढं तात्यांना पुरलं. आता बापू मोठ्या दुखण्यातून उठले होते आणि त्यांनी निरोप धाडला होता, एकदा ये.

"एसटीनी वाट पाही तं मन्हं मन फिरी जाई," तात्या म्हणाले.

दीपमालाने मला बाजूला घेतलं. "कोठेच थांबू नका. थांबनात का तात्या परत येतीन."

निघालो. शहाद्याबाहेर तळोदा रस्त्याला लागलो आणि दुसरा गिअर टाकायला पाय दाबला. पडेना. पुन्हा दाबला. खाली घेतलेला दांडा खालच्या नळीला अडत होता. पहिला कसाबसा पडत होता, पुढे जायला जागाच उरली नव्हती. पाना घरी, ओट्यावर.

मी गाडी कडेला घेऊ लागलो.

"काय व्हयनं?" तात्या.

"काही नही. जरासं पाहतस."

तात्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "जाऊ द्या मंग. गाडीले बी जावानं दिखत नही. फिरवा मांगे."

ते ज्या आवाजात म्हणाले, तो मला सोसला नाही. मी कडेला घेतलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणली.

पहिल्या गिअरमध्ये गाडी सायकलच्या वेगाने चालते आणि विमानासारखी ओरडते. उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. ड्रायव्हरने वळून हात हलवला, गिअर बदल म्हणून. मागून मोटारसायकलवर एक जोडपं आलं, त्यांनीही हात हलवला. मग केळीचा टेम्पो. त्याचा क्लीनर अर्धा बाहेर लोंबकळून दोन्ही हातांनी सांगत होता.

तात्या प्रत्येकाला मागून रामराम करत होते.

"अजून वळखतस लोके माले," ते माझ्या कानात ओरडले. आवाजात कितीतरी दिवसांनी ऊब होती. मग ते आपणहून बोलायला लागले. लहानपणी दोघं भाऊ तापीत पोहायचे, बापू त्यांना खांद्यावर घेऊन पाण्यात शिरायचे. इंजिनाच्या बोंबलण्यात निम्मं ऐकू येत नव्हतं, पण मी मान डोलवत राहिलो. खाली पोटऱ्या भाजत होत्या.

बापूंचं गाव आलं. आमच्या आवाजाने कुत्री पळाली, माणसं बाहेर आली. बापूंचं अंगण रस्त्यापासून उतारावर. दारात बापूंच्या पत्नी रेवाकाकू कपाळाशी हात आडवा धरून बघत होत्या.

"आते हाई थ्रेशर कोठून उनं?" त्या घरात बघून म्हणाल्या.

ओसरीवर खाटेवर बापू बसले होते. धुतलेलं धोतर, दाढी केलेली. सकाळपासून वाट बघत असावेत, हे बघताक्षणी कळत होतं. आवाज ऐकून ते काठी टेकत उभे राहिले. भाऊ भांडायला आला की भेटायला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी उतारावर ब्रेक दाबला. पेडल गेलं, गेलं आणि जमिनीच्या दिशेने जातच राहिलं. सढळ हाताने सैल केलेला नट. हाताला पुढचा ब्रेक असतो हे मला आठवलं तेव्हा समोर वेचून टाकलेल्या कापसाचा ढीग आला होता.

नंतर सगळं पांढरं झालं.

मला कोणी शोधलं नाही. मी आपला आपण बाहेर आलो. बापू मात्र काठी टाकून कापसात गुडघाभर शिरले होते आणि दोन्ही हातांनी उपसत होते. "रत्या. रत्या, लागनं का रे तुले?"

कापसातून टोपी आली, मग तात्या आले. मिशा, भुवया, सगळं पांढरं. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"नही भाऊ," ते म्हणाले. "कापूस भलता चांगला शे तुन्हा."

बापूंनी त्यांच्या मिशीतला कापूस एकेक पुंजका करून काढला. फार हळू काढला. रेवाकाकू आत गेल्या आणि बराच वेळ चहाचं भांडं घेऊन बाहेर आल्या नाहीत.

मग बापूंची नजर माझ्याकडे वळली.

"हाऊ कोन?"

"जवाई शे मन्हा."

"याले गाडी चालावता येत नही का?"

"मी बी रस्ताभर तोच इचार करी ऱ्हायंतू," तात्या म्हणाले आणि भावाशेजारी खाटेवर बसले.

घटकाभराने दीपमालाचा फोन आला. बिचारी देवापुढे दिवा लावून बसली होती.

"बोलनात का दोन्ही भाऊ?"

"बोली ऱ्हायनात," मी म्हणालो. "थांबतच नहीत."

"देव पावना," तिचा आवाज भरून आला. "कसावर बोली ऱ्हायनात?"

मी ओसरीकडे पाहिलं. माझ्या ड्रायव्हिंगवरून निघालेले दोघे आता, हे स्थळ मुळात आणलं कोणी, इथवर पोचले होते.

"मन्हावर," मी म्हणालो.