दुसरा कप

सत्तारचाचा गेली अठरा वर्षं एकच सिनेमा दाखवतात, आणि तोही अर्धा.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान आहे. पूर्वी तिथं भाड्यानं सीडी मिळायच्या, आता मोबाइलला काच लावून मिळते. पण रविवारी दुपारी तीन वाजले की चाचा काचा बाजूला सारतात, जुन्या प्लेयरवरची धूळ फुंकतात आणि तो सिनेमा लावतात. सिनेमा युरोपातला. देश कोणता, ते त्यांनाही ठाऊक नाही. "लंडनच्या पल्याड, रशियाच्या अल्याड," एवढाच पत्ता. मारामारीच्या सिनेमांचा गठ्ठा मागवला होता, त्यात हा चुकून आला. वर रॉकेटचं चित्र होतं म्हणून ठेवून घेतला.

रॉकेट आहे, पण ते कुठं जात नाही. आत एक माणूस एकटाच. खिडकीतून काळोख बघत बसतो. मधूनच एखादं वाक्य बोलतो, खाली इंग्रजी अक्षरं येतात आणि चाचा त्याचं मराठी करून सांगतात. मला इंग्रजी वाचता येतं, ही माझी पंचाईत. पडद्यावर असतं, 'काळ म्हणजे आपणच आहोत का?' चाचा सांगतात, "तो म्हणून राह्यला, घरी म्हशीला पाणी कुणी दाखवलं आसंल?"

"चाचा, असं नाही म्हणाला तो."

"बराबर हाय. पण बिलकुल बराबर न्हाई. त्याच्या तोंडाकडं बघ. म्हशीचाच इचार हाय."

अर्ध्यावर तो माणूस चहा पितो, कप टेबलावर ठेवतो आणि यंत्र दुरुस्त करायला जातो. परत येतो तर टेबलावर दोन कप. दोन्ही ओले.

इथं डिस्क संपते.

"दुसरी डिस्क टेंभुर्णीच्या एका जावयानं नेल्ती," चाचा दर रविवारी तेवढ्याच संतापानं सांगतात. "अजून आणून दिली न्हाई!" मग त्या जावयाचा उद्धार होतो, चहा येतो आणि वाद पेटतो. दुसरा कप कुणाचा?

भगवानराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांचं मत ठाम. "एवढी मोठी गाडी. ड्रायव्हरला एकटा सोडतेत व्हय? मागं कंडक्टर झोपला आसंल."

गिरणीवाला सोनाजी म्हणतो, "त्याचाच हाय तो कप. एकटा माणूस इसरतो, चहा पिल्तो का न्हाई ते."

"बराबर हाय," चाचा म्हणतात, "पण बिलकुल बराबर न्हाई." दिवस मावळतो, दुसरा चहा होतो, वाद तिथंच.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती बाजारच्या दिवशी वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजू पाठ केली. जनतेपासून काही दडवणं हा अन्याय, एवढं मला शाळेत जाण्याआधीच कळलं होतं. अठरा वर्षं एका गावाला अर्धा सिनेमा? मी मोटरसायकल काढली, टेंभुर्णी गाठली आणि घरोघर जावयांची चौकशी केली. लोकांनी पाणी दिलं, वर संशयानं बघितलं. सीडी नेणारा जावई कुणालाच माहीत नव्हता.

मग पुण्याच्या मित्राकडून मी त्या सिनेमाची अख्खी डीव्हीडी मिळवली आणि पत्रक काढलं: 'दुसरा कप कुणाचा? जनतेला उत्तर हवे! रविवारी दुपारी तीन वाजता, संपूर्ण चित्रपट!' स्टँडपासून बँकेपर्यंत वाटलं.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भगवानराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझ्या हातातली डीव्हीडी चाचांनी उलटसुलट करून बघितली, परत दिली आणि म्हणाले, "गर्दी लई हाय, बेटा. मागून कप आण."

दुकानाच्या मागच्या बाजूला, कापडी पडद्याआड एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीतली फळी. फळीवर कप शोधताना साखरेचा डबा सरकवला, तर मागं पाकीट. तेच रॉकेट. भाग दुसरा. वरची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती.

मागं वळलो तर चाचा उभे.

"चाचा, तो जावई?"

"कुणी जावई न्हाई."

"मग कशासाठी हे सगळं?"

त्यांनी पडदा नीट ओढून घेतला. "लई पिच्चर दिले मी लोकायला. शेवट बघत्यात, चप्पल घालत्यात, जात्यात. ह्या एकाच पिच्चरला परत येत्यात. पोरगी बीडला, तिची अम्मी कबरस्तानात. आठवडाभर मी काचा लावतो, लोक काचेकडं बघत्यात. रविवारी माझ्या तोंडाकडं बघत्यात." मग कप मोजल्यासारखं करत म्हणाले, "तू लाव तुझी. मी न्हाई म्हणणार न्हाई."

मी बाहेर आलो. भगवानराव माझ्याच पत्रकानं वारा घेत होते. डीव्हीडी प्लेयरमध्ये घातली, प्लेयरपुढं पाठ करून उभा राहिलो, कुठलंही बटण न दाबता थोडा वेळ खाटखुट केली आणि काढून घेतली.

"मोकळी निघाली," मी म्हणालो. "फसवलं मला."

जनतेशी बोललेलं माझं हे पहिलं खोटं.

"वाटलंच व्हतं," भगवानराव म्हणाले. "छापून आलं की समजावं, काईतरी घोळ हाय." सगळे हसले. नवी माणसं उठून गेली, जुनी तिथंच सरकून बसली. "तर मी काय म्हणून राह्यलो व्हतो, कंडक्टर..."

सगळे गेल्यावर चाचांनी पुन्हा स्टोव्ह पेटवला. मी विचारलं, "तुम्हाला तरी माहीत असेल. दुसरा कप कुणाचा?"

"मला कसं ठाऊक आसंल? पट्टी तरी फोडली का मी? एकट्यानं बघू वाटंना."

डीव्हीडी माझ्या खिशात होती. प्लेयर चालू होता, दुकानात आम्ही दोघंच. चाचांनी एकदा खिशाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"पुढच्या रविवारी येशील ना?" त्यांनी विचारलं.

"येतो."

चहा पिऊन निघालो. पायरी उतरताना मागं बघितलं. चाचांनी काचांच्या खोक्याशेजारी दोन कप उपडे घातले होते. दोन्ही ओले.