वस्तादचं 'झालं'

वस्तादनं दुकानातली जुनी खुर्ची भंगारात द्यायच्याऐवजी घरी न्यायचं ठरवलं. एवढंच ठरवलं हो त्यानं! तेवढ्यावरून घरात काय रामायण झालं ते ऐका.

वस्ताद म्हणजे आमचा न्हावी. खुर्ची म्हणजे गोल फिरणारी, खाली दांडा असलेली. दांडा दाबला की माणूस वर जातो, आणि आपल्या मनात नसताना खाली येतो. ती बाहेरच्या खोलीत अगदी दारासमोर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याचा गुडघा त्या दांड्यावर आपटायचाच.

"खुर्ची तरी राहील इथं, नाहीतर मी तरी," वहिनी म्हणाल्या.

वस्ताद विचारात पडला. (फार वेळ पडायला नको होतं.) शेवटी जावयानं तोड काढली. हा जावई कार्डांच्या स्पर्धा खेळतो. आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत, किल्ले, वादळं आणि भुतांची चित्रं असलेली कार्डं. दर सुट्टीला घरात तोच डाव चालायचा, म्हणून सासू-सासरे दोघंही त्यात तयार झालेले.

"एक डाव खेळा," जावई म्हणाला. "बाबा हरले तर खुर्ची हलली. आई हरल्या तर खुर्चीबद्दल पुन्हा अवाक्षर नाही."

डाव सोपा. आपल्या पाळीत काय करायचं ते करायचं आणि शेवटी 'झालं' म्हणायचं. त्या 'झालं'वर समोरच्यानं "थांबा!" म्हणून कार्ड टाकलं, तर आपल्याला मुकाट सोसावं लागतं, कारण आपली पाळी संपलेली असते. आणि आपली पुढची पाळी सुरू होताना आपला किल्ला उभा असला, की आपण जिंकलो.

"बाबा, वादळ हातात आलं तर दाबून ठेवा," जावयानं कानात सांगितलं. "आई 'झालं' म्हणेपर्यंत दम धरा. आधी टाकलंत तर त्या किल्ला परत बांधतील."

"मला शिकवतोस?" वस्ताद म्हणाला. "अरे, आयुष्यभर मी 'झालं' म्हणून कापड झटकतोय, आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच म्हणतं, 'थांबा, कानामागं जरा राहिलंय.' माझी गिऱ्हाईकं हेच तर खेळतात!"

डाव रंगला. वस्तादच्या हातात वादळ आलं. त्यानं ते छातीशी असं धरलं, की जावयाला वाटलं सासऱ्याच्या छातीत दुखतंय. वहिनींनी पाळी घेतली. शांतपणे किल्ला मांडला. वस्ताद त्यांच्या ओठांकडे बघत बसला. (लग्नानंतर इतक्या प्रेमानं पहिल्यांदाच बघत असेल.)

वहिनी उठल्या. "आले हं, दूध ठेवलंय गॅसवर."

वस्ताद खुर्चीच्या टोकाला. हो, त्याच खुर्चीच्या. इकडं फिरतोय, तिकडं फिरतोय. आतून भांड्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वहिनी ओरडल्या,

"झालं!"

"थांबा!" वस्ताद किंचाळला आणि वादळ असं आपटलं, की जावयाच्या पेल्यातलं पाणी उडालं. "वादळ! पडला किल्ला!"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, काय झालं?"

"तूच म्हणालीस ना झालं!"

"मी दुधाला म्हणाले. तापवून झालं."

दोघांनी जावयाकडं बघितलं. जावई घसा खाकरून म्हणाला, "वादळ कधीही टाकता येतं. किल्ला पडला."

वस्तादनं खुर्चीत बसून एक आख्खी गिरकी घेतली.

"आणि माझी पाळी?" वहिनींनी विचारलं.

"तुमची चालूच आहे, आई."

गिरकी अर्ध्यात थांबली. वहिनींनी हातातला दुसरा किल्ला काढला, पहिल्याच्या जागी मांडला, आणि नवऱ्याकडं बघून गोड हसून म्हणाल्या, "आता झालं."

वस्तादच्या हातात उरलं होतं एक भूत. ते किल्ल्याला काही करत नाही, नुसतं दात दाखवतं. पाळी फिरून आली, किल्ला उभाच, वहिनी जिंकल्या.

"बरं बाई, हरलो! झालं?" असं म्हणून वस्ताद पाणी प्यायला आत गेला. बघतो तर गॅस थंडगार आणि दुधाचं पातेलं घासून पालथं घातलेलं.

"अरे, दूध नव्हतंच!" तो धावत बाहेर आला.

"बाबा," जावई हळहळला, "हे 'झालं' म्हणायच्या आधी बोलायचं."

वस्तादनं खुर्ची पाठीवर घेतली. चार जिने उतरला. रस्त्यावर भंगारवाल्याच्या गाडीशेजारी ती टेकवली, घाम पुसला आणि सवयीनं कापड झटकल्यासारखे हात झटकून म्हणाला, "झालं!"

वरून खिडकीतून आवाज आला, "थांबा! वेडे का खुळे तुम्ही? खुर्ची हलवायची ठरली होती, टाकायची नाही! वर आणा. इथं खिडकीपाशी ठेवा, मला बसायचंय."

आता वहिनी तिथं बसून भाजी निवडतात. कंटाळा आला की वस्तादच दांडा दाबून त्यांना वर नेतो.

पण त्या दिवसापासून त्यानं 'झालं' या शब्दाची धास्तीच घेतलीय. दुकानात काम संपलं तरी तोंडातून शब्द काढत नाही. आपला कापत राहतो, कापत राहतो, समोरचं माणूस कधी "थांबा" म्हणतंय याची वाट बघत. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाला खुर्चीत डुलकी लागली, "थांबा" म्हणायचं राहिलं, आणि बिचाऱ्याची जन्मभर सांभाळलेली मिशी गेली.

हसा, हसा. मिशी माझीच होती.